वाटेवरची पत्रं आणि एकमताचं गणित

गेल्या वर्षी माझी चुलतबहीण लंडनहून आली, तेव्हा तिनं काकांच्या सामानातला बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा आणला होता. त्यात माझ्या वडिलांनी काकांना लिहिलेली पत्रं होती. काकांनी वडिलांना लिहिलेली पत्रं आमच्या सांगलीच्या घरी, माळ्यावरच्या ट्रंकेत होती. हे दोन गठ्ठे पन्नास वर्षं एकमेकांपासून सात हजार किलोमीटरवर पडून होते. आम्ही दोघांनी ती पत्रं सतरंजीवर पसरली आणि तारखांप्रमाणे एकापुढे एक लावली. लावून झाल्यावर बराच वेळ आम्ही काही बोललो नाही.

राजापूरजवळच्या गावात आमचं जांभ्या दगडाचं, कौलारू घर होतं. १९७२ साली आजी गेली आणि घराला कुलूप लागलं. वडील सांगलीत शाळामास्तर, काका लंडनला नोकरीत. घर विकायचं की ठेवायचं, एवढाच प्रश्न होता. तो सुटला नाही. कौलं परतली गेली नाहीत, वासे कुजले, आणि १९७३च्या पावसात मागची भिंत बसली. त्यानंतर ठरवण्यासारखं काही उरलं नाही. ‘दोघे भाऊ आडमुठे, म्हणून घर गेलं,’ असं आमच्या घराण्यात सगळे म्हणत आले. मीही म्हणत आलो.

पत्रं वेगळंच सांगत होती. सुरुवातीला वडिलांचं मत होतं विकावं, काकांचं ठेवावं. ४ मार्चला वडिलांनी लिहिलं, ‘तुझा जीव त्या घरात आहे, तर ठेवू या.’ ६ मार्चला, हे पत्र वाटेत असताना, काकांनी लिहिलं, ‘दादा, तिथलं सगळं तुम्हाला निस्तरावं लागणार. तुम्ही म्हणता तसं विकून टाकू.’ पत्र पोचायला दहा-बारा दिवस लागत. १६ मार्चला काकांना ‘ठेवू या’ मिळालं. त्यांनी आनंदानं उत्तर दिलं, ‘ठरलं तर, ठेवू.’ १७ तारखेला वडिलांना ‘विकून टाकू’ मिळालं आणि त्यांनी लिहिलं, ‘तुझी हरकत नसेल तर विकतो, गिऱ्हाईक बघतो.’ ही पत्रंही वाटेत एकमेकांना ओलांडून गेली. पुढच्या खेपेला पुन्हा तेच. चौथ्या खेपेला दोघांनीही ‘आता हेच पक्कं’ असं लिहिलं, आणि पक्कं काय, ते दोघांचं पुन्हा उलट होतं. मग दोघेही थांबले. प्रत्येकानं ठरवलं असावं की आता समोरच्याचं पत्र येऊ दे, मग लिहू.

म्हणजे आडमुठेपणा कुठेच नव्हता. दोघांनीही प्रत्येक वेळी आपला हट्ट पुरता सोडला होता. मी तीस वर्षं अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना नियंत्रणशास्त्र शिकवलं. एकमेकांशी जोडलेले घटक, म्हणजे यंत्रमानव, संगणक किंवा माणसं, उशिरानं पोचणाऱ्या निरोपांच्या आधारे एकमतावर कसे येतात, हा त्यातला एक विषय. फळ्यावर मी जे उदाहरण ‘असं केलं तर एकमत कधीच होत नाही’ म्हणून मांडत असे, ते माझ्याच घरात घडून गेलं होतं.

चारशे आणि आठशे

हो-नाहीचा प्रश्न गणिताला अवघड असतो. म्हणून आधी सोपा घेऊ. समजा, दोघांना घराच्या डागडुजीसाठी वर्षाला किती रुपये बाजूला काढायचे हे ठरवायचं आहे. वडिलांचा आकडा ४००, काकांचा ८००. ज्यानं त्यानं समोरच्याचा आकडा जसाच्या तसा मान्य केला, तर पुढच्या खेपेला वडील ८००वर आणि काका ४००वर. त्यापुढच्या खेपेला पुन्हा उलट. हा झोका कधी थांबत नाही. यात दोघांच्या मनाचा मोठेपणा कमी-जास्त असण्याचा काही संबंध नाही. उलट दोघेही सारखेच मोठ्या मनाचे आहेत, हीच अडचण आहे.

आता प्रत्येकानं निम्मी वाट चालायची ठरवली तर? समोरासमोर बसले असते तर एका फेरीत दोघे ६००वर आले असते. पण निरोप एक खेप जुना आहे असं धरू. मी आज माझा आकडा बदलताना हाताशी आहे तो तुमचा मागच्या खेपेचा आकडा. पहिल्या खेपेला दोघेही ६००वर येतात. एकमत झालं! पण ते झालंय हे दोघांनाही ठाऊक नाही, कारण हातातलं पत्र अजून जुनाच आकडा सांगतंय. म्हणून वडील पुढे सरकून ७००वर जातात, काका खाली ५००वर. मग ६५० आणि ५५०, मग ५७५ आणि ६२५, मग साधारण ५६३ आणि ६३७. झोका आहे, पण तो लहान होत जातो आणि शेवटी ६००वर विसावतो.

आणि प्रत्येकानं पाव वाटच चालायची ठरवली तर? वडिलांचे आकडे असे येतात: ५००, ५७५, ६०६, ६११, ६०७, ६०२. ओलांडणं जेमतेम अकरा रुपयांचं. सहाव्या खेपेला फरक जवळपास मिटलेला आहे. निम्मी वाट चालणारे त्यानंतरही दोन खेपा दहा-पंधरा रुपयांनी मागेपुढे होत राहतात. बातमी शिळी असेल तेव्हा सावकाश सरकणारे आधी पोचतात. विद्यार्थ्यांना हे आकडे मी स्वतः मांडायला लावत असे, कारण नुसतं सांगून कुणाला पटत नाही.

यातून दिसणारी गोष्ट अशी: उशिरामुळे एकमत अशक्य होत नाही. आपल्या आजच्या मताला थोडं तरी वजन ठेवलं, मग ते निम्मं असो, पाव असो की शंभरातला एक भाग असो, तर निरोप कितीही खेपा जुना असला तरी हे दोघे एका आकड्यावर येतातच. फसतं ते फक्त एका टोकाला, जिथं आपलं मत पूर्ण पुसून दुसऱ्याचं शिळं मत जागेवर ठेवलं जातं.

मुंबईकर दोघे

हा हिशोब पद्धतशीर मांडला तो मॉरिस डीग्रूट या अमेरिकी संख्याशास्त्रज्ञानं, १९७४ साली. एका समितीतले तज्ज्ञ एकमेकांची मतं ऐकतात, प्रत्येकाच्या मताला आपापल्या विश्वासाप्रमाणे वजन देतात आणि सरासरी काढून आपलं मत बदलतात. हे पुन्हा पुन्हा केलं तर सगळे एका मतावर केव्हा येतील, हा त्याचा प्रश्न. उत्तर असं की वजनांची साखळी सर्वांना जोडणारी हवी, आणि ती नुसती अदलाबदल करत फिरणारी नको. वडील आणि काका दुसऱ्या अटीत नापास होते.

डीग्रूटच्या मांडणीत मात्र सगळे एकाच खोलीत बसलेले आहेत. निरोप वाटेत असतात, कधी लवकर पोचतात, कधी उशिरा, ही वस्तुस्थिती गणितात आणणाऱ्यांत दोन मुंबईकर होते. प्रवीण वरैया मुंबईत जन्मले, व्हीजेटीआयमध्ये शिकले आणि पुढे बर्कलीला प्राध्यापक झाले. विवेक बोरकर आयआयटी मुंबईतून पदवी घेऊन बर्कलीला त्यांच्याकडे पीएचडीला गेले. त्यानंतर ते भारतात परतले, आणि त्यांना १९९२चं भटनागर पारितोषिक मिळालं. या दोघांचा १९८२चा निबंध वाटून घेतलेल्या अंदाजांबद्दल आहे. एकाच अज्ञात राशीचा अंदाज अनेक जण आपापल्या मोजणीवरून करताहेत आणि अधूनमधून आपला अंदाज इतरांना कळवताहेत. निरोपांचं एक वर्तुळ असं असेल की प्रत्येकाचं म्हणणं फिरत फिरत, पुन्हा पुन्हा, सर्वांपर्यंत जात राहील, तर कालांतरानं सर्वांचे अंदाज एक होतात. कुणी सभा बोलवावी लागत नाही, घड्याळं जुळवावी लागत नाहीत.

त्याच सुमारास एमआयटीत जॉन त्सित्सिक्लिस हा तरुण आपल्या प्रबंधात याच वाटेनं चालला होता. एकमेकांना जोडलेले संगणक, प्रत्येकाची गती वेगळी, निरोपांचा उशीर वेगळा. उशिराला काही तरी कमाल मर्यादा असेल आणि प्रत्येकजण स्वतःच्या ताज्या मताला वजन देत असेल, तर सरासरी काढत जाणारे एकमतावर येतात, हे त्यात स्थिर झालं. मात्र याची एक किंमत आहे. ते एकमत सुरुवातीच्या आकड्यांच्या नेमक्या मध्यावर होईलच असं नाही. कोणाचं पत्र किती उशिरा पोचलं, यावर ते इकडे किंवा तिकडे झुकतं. टपालखातं नकळत निर्णयात भाग घेतं.

गिझरचा नळ

इथवर एक गोष्ट मी गृहीत धरली: दुसऱ्याचं मत जुनं असलं तरी माझं मला ताजं ठाऊक आहे. पत्रव्यवहारात ते खरं आहे. पण पुष्कळ ठिकाणी फरकच मुळात जुना कळतो. गिझरचा नळ आठवा. अंगावर पडणारं पाणी थंड, म्हणून आपण गरम नळ फिरवतो. नळीतलं पाणी संपेपर्यंत काही फरक पडत नाही, म्हणून आणखी फिरवतो. मग एकदम चटका बसतो. आता उलट फिरवायचं. आपण ज्या चुकीची दुरुस्ती करतो, ती काही क्षणांपूर्वीची चूक असते.

याचं गणित नेमकं करता येतं. दर क्षणी आपण दिसलेल्या फरकाचा ठरावीक हिस्सा भरून काढतो असं धरा. फरक ताजा दिसत असेल, तर दिसलेल्याच्या दुपटीपर्यंत दुरुस्ती केली तरी चालतं, हेलकावे शेवटी विरतात. फरक एक पाऊल जुना असेल तर मर्यादा दुपटीवरून एकपटीवर येते. दोन पावलं जुना असेल तर ०.६१८, म्हणजे सुवर्ण गुणोत्तराच्या उलट. तीन पावलं जुना असेल तर ०.४४५. मर्यादेच्या वर गेलं की हेलकावे वाढत जातात. गिझरखाली आपण सगळे मर्यादेबाहेर वागतो, कारण थंडी वाजत असते.

अनेक घटकांचं जाळं असेल तर काय होतं, हे २००४ साली रेझा ओल्फाती-साबेर आणि रिचर्ड मरे यांनी एका निबंधात दाखवलं. थव्यानं फिरणारे यंत्रमानव घ्या. प्रत्येकजण शेजाऱ्याशी असलेलं आपलं अंतर किंवा वेगातला फरक मोजतो आणि तो कमी करायला बघतो. मोजून, हिशोब करून, चाकाला हुकूम जाईपर्यंत तो फरक शिळा झालेला असतो. सर्व दुव्यांवर उशीर सारखा असेल, तर किती उशीर सोसेल याचं उत्तर एका साध्या भागाकारात येतं: अर्धा पाय, म्हणजे सुमारे १.५७, भागिले जाळ्याची एक संख्या. ही संख्या जाळ्याच्या जोडणीतून निघते. ज्याला जास्तीत जास्त शेजारी आहेत, त्याच्यामुळे ती वाढते.

दहा यंत्रमानव घेऊ. प्रत्येकजण बाकीच्या नवांचं ऐकतो, तर ही संख्या १०, आणि सोसवणारा उशीर ०.१५७. हे माप घड्याळाचे सेकंद नव्हेत. एखादा घटक एका शेजाऱ्याशी असलेला फरक ज्या गतीनं भरून काढतो, त्या गतीच्या हिशोबात ते आहे. तेच दहा जण गोलाकार उभे राहून फक्त उजव्या-डाव्या शेजाऱ्याचं ऐकू लागले तर संख्या ४, आणि सोसवणारा उशीर ०.३९३, म्हणजे अडीचपट. गोल कितीही मोठा केला, शंभराचा, हजाराचा, तरी ही संख्या चारच्या वर जात नाही. मग सगळीकडे गोलच का करू नये? कारण उशीर नसताना सर्वांचं ऐकणारे दहा जण गोलातल्या दहांपेक्षा सुमारे सव्वीसपट वेगानं एकमतावर येतात. वेग आणि सोशिकपणा यांतलं एकच पुरेपूर मिळतं.

वर्गात हे शिकवताना मुलं हमखास विचारत, ‘सर, मग जास्त संपर्क वाईट?’ मी सांगत असे, संपर्क वाईट नाही. शिळ्या बातमीवर, नवांच्या बाजूनं एकदम, पूर्ण जोरानं प्रतिक्रिया देणं वाईट. शेजारी वाढले तर प्रत्येकाला देण्याचा जोर कमी करा, मर्यादा परत रुंदावते.

हो की नाही

पण घर पाव विकता येत नाही. आमच्या घरातला खरा प्रश्न हो-नाहीचा होता, आणि तिथं सरासरीचा उपाय चालत नाही. हा प्रश्न संगणकशास्त्राचा झाला, कारण बँकेच्या संगणकांनाही तोच पडतो: हा व्यवहार झाला असं धरायचं की नाही? पाचही संगणकांचं उत्तर एकच हवं, आणि ते मागाहून बदलता कामा नये.

१९८५ साली मायकेल फिशर, नॅन्सी लिंच आणि मायकेल पॅटरसन यांनी एक निराश करणारा सिद्धांत मांडला. निरोप पोचायला किती वेळ लागेल याला काहीच मर्यादा नसेल आणि एखादा जरी घटक बंद पडू शकत असेल, तर एकमत वेळेत, किंबहुना कधी तरी होईलच, अशी हमी देणारी कोणतीही ठरीव रीत असू शकत नाही. कारणाचा गाभा ओळखीचा आहे: गप्प असलेला संगणक बंद पडलाय की त्याचा निरोप वाटेत आहे, हे लांबून ओळखता येत नाही. मेमध्ये वडील आणि काका थांबले तेव्हा दोघांच्याही मनात हेच असणार. रागावलाय, की पत्र अडकलंय?

तरीही बँका चालतात, कारण सिद्धांताला वळसा घालण्याच्या वाटा सापडल्या. एक वाट बहुमताची. लेस्ली लॅम्पोर्टची १९९८ साली प्रसिद्ध झालेली ‘पॅक्सोस’ आणि २०१४ साली डिएगो ऑन्गारो व जॉन औस्टरहाउट यांनी मांडलेली ‘राफ्ट’, या दोन्ही रीती तिच्यावर उभ्या आहेत. इथलं बहुमत निवडणुकीतल्यासारखं नाही, त्याचं काम स्मरणाचं आहे. पाचांपैकी तिघांनी एखादी गोष्ट नोंदली की ती ठरली. नंतर कुणीही कोणत्याही तिघांना विचारलं, तर त्या तिघांत आधीच्या तिघांपैकी किमान एक असतोच, कारण पाचांतून दोन वेगळी त्रिकुटं एकही माणूस सामायिक न ठेवता निघत नाहीत. जे ठरलं ते कुणाला तरी आठवतंच. दोघे बंद पडले तरी काम थांबत नाही.

दुसरी वाट यदृच्छेची. राफ्टमध्ये एक संगणक पुढारी असतो आणि तो ‘मी आहे’ असा निरोप सतत पाठवतो. तो गप्प झाला तर दुसऱ्यानं उभं राहायचं. पण सगळे एकाच क्षणी उभे राहिले तर मतं फुटतात, पुन्हा निवडणूक, पुन्हा फूट. हे माझ्या वडिलांचं आणि काकांचंच झालं होतं: एकाच वेळी, एकाच चांगुलपणानं, उलट दिशांना. उपाय अगदी साधा आहे. प्रत्येकानं उभं राहण्यापूर्वी किती थांबायचं ते नशिबावर सोडायचं. मूळ निबंधात १५० ते ३०० सहस्रांश सेकंदांमधला कोणताही आकडा सुचवला आहे. ज्याचा आकडा लहान निघेल तो आधी बोलतो, बाकीचे ऐकतात. दोन समंजस भावांपैकी एकानं नुसतं पंधरा दिवस थांबायचं ठरवलं असतं, तरी ४ आणि ६ मार्चनं सुरू झालेली शर्यत मोडली असती.

पण बहुमताची वाट दोघांना खुली नसते. दोघांतलं बहुमत म्हणजे दोघेही. एक गप्प झाला की दुसरा अडला. बहुमताला अर्थ येतो तो तिसरा माणूस आला की. मग कोणत्याही दोघांचं पुरतं.

आमच्या घरात तिसरं माणूस होतं. माझी आत्या, दोघांची थोरली बहीण, कोल्हापूरला. सांगलीहून कोल्हापूर पन्नास किलोमीटरवर, पत्र दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी पोचायचं, वडील एसटीनं सकाळी जाऊन संध्याकाळी परतू शकले असते. एप्रिलमधल्या एका पत्रात वडील काकांना लिहितात, ‘अक्काला यात कशाला ओढायचं, ती आपल्या संसारात आहे.’ काकांनी त्याला दुजोरा दिला आहे. त्या साऱ्या पत्रव्यवहारात दोघांचं लगेच आणि टिकून जुळलेलं मत हे एवढंच.

गणितानं सगळं उलगडतं असा माझा दावा नाही. घराला कुणी राहतं माणूस नव्हतं, पैसा नव्हता, पाऊस जोराचा झाला. एकमत झालं असतं तरी घर टिकलं असतं असं नाही. पण ज्यांना मी आयुष्यभर हट्टी समजलो, ते हट्टी नव्हते, एवढं मला त्या सतरंजीवर कळलं. दोन्ही गठ्ठे एकत्र पाहण्याची सोय त्यांना नव्हती. ती आम्हाला पन्नास वर्षांनी मिळाली.

ट्रंकेत तळाशी एक निळं अंतर्देशीय पत्रही निघालं. आत्याचं, वडिलांना, मे महिन्यातलं. चार-पाच ओळीच आहेत. आंबे पाठवल्याचं, धाकट्याच्या मुंजीचं, आणि शेवटी, ‘आगोट जवळ आली. घराचं तुम्हा दोघांचं काय ठरलं ते कळव. मला विचाराल तर ठेवावं, कौलं परतायला मी काही देईन.’

वडिलांच्या सवयीप्रमाणे उत्तर दिलेल्या पत्रांवर कोपऱ्यात तारीख टाकलेली असते. या पत्रावर ती नाही.